कोंबडीची यादी

आमच्या घरात आईची एक वही आहे. शंभर पानी, रेघांची, वर मळखाऊ तपकिरी पुठ्ठा. आई मराठी चौथी शिकलेली. वहीत किराण्याच्या याद्या, उसनवारीचा हिशेब, कुणाच्या लग्नात किती आहेर केला त्याची नोंद, आणि मधूनच स्वयंपाकाच्या चार ओळी. गेल्या वर्षी वडोदऱ्याहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आज्जीच्या कोंबडीच्या रश्शाची कृती त्या वहीत असेल ना? जशीच्या तशी पाठवा. आमच्या मंडळाच्या पुस्तिकेत 'अस्सल बेळगावी' म्हणून छापायची आहे." मी होय म्हणालो खरा, पण वही काढायला आठ दिवस लावले. त्याचं कारण सांगितल्यावाचून हा लेख पुढं सरकणार नाही.

साल १९६७. मी सातवीत होतो. मराठीच्या पेपरात वर्गात पहिला आलो होतो, आणि शुद्धलेखनाचं वारं अंगात असं भिनलं होतं की रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांतल्याही चुका काढत असे. एका दुपारी आई चुलीपुढं बसून वहीत लिहीत होती. वर 'कोंबडी' असा मथळा आणि खाली यादी : मेणसिनकाई, कोत्तंबरी, कोब्बरी, गसगसे, एळ्ळु, कल्लुहू, चक्के, लवंग. अक्षर मराठी, शब्द बहुतेक कानडी. मी दप्तरातली लाल पेन्सिल काढली, 'कोत्तंबरी'वर काट मारून 'धने' लिहिलं, 'गसगसे'वर काट मारून 'खसखस' लिहिलं, आणि तसाच खालपर्यंत उतरलो. "आई, हे मराठी नव्हे," असंही वर सांगितलं.

आई रागावली नाही. म्हणाली, "दुकानात जे म्हणतात ते लिवलो. तुझ्या बुकात काय म्हणतात ते तू लिव." आणि वही मिटून फळीवर ठेवली. त्यानंतर वहीत हिशेब आहेत, आहेर आहेत. स्वयंपाकाची एकही ओळ नाही. त्या यादीपुढं मापं घालायची राहिली होती, ती कायमची राहिली. आई १९९४ साली गेली. भाचीला जशीच्या तशी पाठवायची म्हणजे काय पाठवायचं? माझ्या लाल काटांसकट मापं नसलेली एक यादी! म्हणून ठरवलं, की यादीतला एकेक जिन्नस धरून तो आमच्या चुलीपर्यंत कुठून आला हे पाहायचं. 'अस्सल' म्हणजे काय, तेही त्यातून कळेल.

आधी कोंबडीचंच पाहू. लहानपणी आमच्या शहापुरातल्या घरी कोंबडी कधी स्वयंपाकघरात शिजली नाही. आजी पंढरीची माळकरी. बकऱ्याचं मटण आतल्या चुलीवर चाले, पण कोंबडीला मागच्या अंगणात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं आणि वेगळी पळी. आसपासच्या पुष्कळ घरांत हीच रीत होती. उकिरड्यावर चरणारा पक्षी म्हणून तो आत नको, असं कारण सांगत. हे काही आमच्या आजीनं काढलेलं खूळ नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य पक्ष्यांत 'ग्रामकुक्कुट' स्पष्ट सांगितला आहे, म्हणजे गावात पाळलेला कोंबडा. रानातला कोंबडा त्या यादीत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो निषेध आमच्या अंगणात तीन दगडांच्या रूपानं शिल्लक होता.

मात्र पातेलं बाहेर, म्हणजे शिजवणारीही बाहेर. आषाढाच्या पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आई त्या चुलीशी बसलेली मला आठवते. आम्ही आत पाटावर वाट पाहत असू. तंगड्या मुलांच्या पानात, छातीचे तुकडे वडिलांच्या आणि पाहुण्यांच्या, आणि मान, पाठ, पंख शेवटी आईच्या. तिला कोणता तुकडा आवडायचा हे मी तिला कधी विचारलं नाही.

हा पक्षी मूळचा कुठला? रानातल्या लाल कोंबड्यापासून पाळीव कोंबडी झाली हे पूर्वीपासून ठाऊक होतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पाळीव कोंबडीची खात्रीलायक सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नोन वाट इथली मानली आहेत. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. माणसानं धान्याची शेतं केली, सांडलेले दाणे टिपायला रानकोंबड्या झाडांवरून उतरल्या आणि तिथंच राहिल्या, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे कोंबडी मुळात पूर्वेकडची पाहुणी. पण तिच्या अंगावर आपल्या मातीचीही एक खूण आहे. कोंबडीचे पाय आणि कातडी पिवळी असते ना, तो पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून तो आला, असं २००८ सालच्या जनुकीय संशोधनातून निघालं. हा राखाडी कोंबडा आपल्या खानापूरच्या जंगलात आजही पहाटे आरवतो. जगभरच्या बाजारात पिवळ्या पायाची कोंबडी विकली जाते, तिच्यात आपल्या घाटाचा एवढा अंश आहे.

आता मसाला. यादीतला पहिला जिन्नस मेणसिनकाई, म्हणजे मिरची. आमच्या भागातल्या माणसाला मिरचीशिवाय रस्सा ही कल्पनाच करवत नाही. पण यादीतला सर्वांत नवा जिन्नस तोच आहे. मिरची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडं पोचला, त्यानंतरच ती समुद्र ओलांडून बाहेर पडली. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कनं विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला, आणि पोर्तुगीज गलबतांतून जी नवी रोपं-बियाणी या किनाऱ्याला लागली त्यांत ती होती. तिथून घाटवाटांनी ती वर आली. याच वाटांनी मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येत आणि धान्य खाली जाई. मुंबईकडं पूर्वी मिरचीला 'गोवाई मिरची' असंही म्हणत, त्यात तिचा रस्ता नोंदलेला आहे.

तिच्या नावात तर आणखी गंमत आहे. आपल्याकडं आधी तिखट म्हणजे मिरे, संस्कृतात मरीच. नवी पाहुणी आली तेव्हा मराठीनं तिला मिऱ्यावरून 'मिरची' म्हटलं, गोव्याच्या कोकणीनं 'मिरसांग' म्हटलं. कानडीत मिऱ्याला मेणसु म्हणतात. काई म्हणजे फळ. कानडीनं तिला 'मेणसिनकाई' म्हटलं, मिऱ्याचं फळ. शेजारच्या दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, परक्या जिनसाचं बारसं एकाच रीतीनं केलं. मी ज्या शब्दावर सर्वांत जोरात काट मारली होती, तो अर्थानं माझ्याच 'मिरची'चा सख्खा भाऊ निघाला.

पुढं आपल्या भागानं या पाहुणीला इतकं आपलं केलं की तिला गावांची नावं मिळाली. ब्याडगी हे गाव आता हावेरी जिल्ह्यात आहे. १९९७ पूर्वी तो भाग धारवाड जिल्ह्यात होता. तिथली सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची मिरची. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरी संकेश्वरी, आमच्याच हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची, लांब आणि जहाल. आमच्याकडच्या बायका रंगाला ब्याडगी आणि जिभेला संकेश्वरी घालतात.

दुसरा जिन्नस कोत्तंबरी. धने मूळचे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राकडचे, पण इथं येऊन त्यांना अडीच हजार वर्षांच्या वर झाली. पाणिनीच्या व्याकरणात 'कुस्तुंबुरु' हा शब्द साधायला एक स्वतंत्र सूत्र आहे. आपली कोथिंबीर आणि कानडी कोत्तंबरी या शेजारी उभ्या केल्या की कुस्तुंबुरूचं घराणं कुणालाही ओळखू यावं. कोब्बरी आणि खोबरं यांबद्दल तर बोलायलाच नको. गसगसे आणि खसखस हा फरक जिभेच्या टोकाचा. खसखसही पश्चिमेकडचीच. लवंग पार इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची. चक्के म्हणजे दालचिनी, सिंहलद्वीपाची. कांदा आणि लसूण यादीत नाहीत, कारण ते घरात असायचेच; तेही मूळचे मध्य आशियाकडचे. राहता राहिले तीळ, हळद आणि मिरे. हे मात्र याच भूमीतले, आणि मिरे तर आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे.

कल्लुहू या शब्दावर मी मोठ्या दिमाखानं 'दगडफूल' लिहिलं होतं. कानडीत कल्लु म्हणजे दगड आणि हू म्हणजे फूल! मी भाषांतर केलं होतं एवढंच. शुद्ध काही केलं नव्हतं. खरं म्हणजे ते फूल नव्हेच. दगडांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी ती एक प्रकारची दगडी शेवाळ, शास्त्रात तिला शैवाक म्हणतात. कोरडी हुंगली तर फारसा वास नाही. गरम तेलात पडली की मातीसारखा, धुरासारखा वास सुटतो. आमच्याकडच्या रश्शाची ओळख त्या वासातच आहे.

मिरची यायच्या आधी आपल्या मुलखात मांस कसं शिजे, याला एक फार चांगला साक्षीदार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्यासारखाच दोन-तीन भाषांचा मुलूख. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांड्यांपासून रानडुकराच्या मांसापर्यंत सगळं आहे. मसाला हिंग, सैंधव, जिरे, धने, हळद आणि मिरे यांचा. लाल मिरचीचं नावही नाही, कारण ती त्या वेळी महासागरापलीकडं होती. इंदूरजवळच्या मांडूच्या सुलतानांसाठी १५०० च्या आसपास लिहिलेल्या 'निमतनामा'तही तिचा पत्ता नाही. म्हणजे आमचा 'परंपरागत' तांबडा रंग फार तर पाचशे वर्षांचा.

याच मानसोल्लासात गाण्यांची माहिती देताना सोमेश्वर सांगतो, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीचा हा फार जुना उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सन्मानानं दिला जातो, आणि तो कानडी मुलखातल्या राजाच्या संस्कृत ग्रंथात आहे. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता वाचताना वेगळंच दिसलं. आमच्या शेजारी एक कानडी अक्का होत्या. चैत्रात वर्षाचा मसाला कांडायला आई आणि त्या एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहत, आणि दोन मुसळं आळीपाळीनं पडत. आई ओवी म्हणे, ती संपली की अक्का त्यांचं कानडी गाणं म्हणत. मुसळाचा ठेका तोच राही. मसाल्याचे दोन वाटे होत, एक आमच्या बरणीत आणि एक त्यांच्या. यादीत कानडी शब्द कुठून आले याचं उत्तर मला १९६७ सालीही रोज डोळ्यांसमोर दिसत होतं.

घाटाखाली हाच पक्षी वेगळा होतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सागोती किंवा शागोती. मसाला भाजून वाटलेला, ओल्या नारळाचा. गोव्यातला काफ्रियालचा हिरवा मसाला कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण आणि आंबटाचा; तो पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या मोझांबिकशी असलेल्या संबंधातून आला. हुबळी-गदगकडं सावजी खानावळींचं जहाल जेवण. कुणाचं अस्सल म्हणायचं? मोझांबिकची वाट धरून आलेला पदार्थ आज गोव्याचाच आहे, आणि मेक्सिकोकडची मिरची ब्याडगीची.

एवढं वाचून झालं, तरी मापं सापडली नव्हती. मी वही घेऊन रविवार पेठेत गेलो. जुन्या मसाल्याच्या दुकानात गल्ल्यावर पंचविशीतला मुलगा बसला होता. माझ्या दुरुस्त्या सोडून, खालचे आईचे शब्द त्याला वाचून दाखवले. त्यानं मान वर न करता विचारलं, "एक किलो मेणसिनकाईचं करायचं काय?" आणि सवयीनं सांगत गेला : ब्याडगी पाऊण किलो, संकेश्वरी पाव, कोत्तंबरी अर्धा किलो, कोब्बरी अर्धा, एळ्ळु शंभर ग्रॅम, गसगसे पन्नास, कल्लुहू, चक्के आणि लवंग पंचवीस-पंचवीस. मी लिहून घेतलं. हे प्रमाण दुकानाचं, आईचं नव्हे. पण आई याच पेठेत याद्या घेऊन येई, तेव्हा फार दूरचंही नसावं.

कोंबडीही आता ती राहिली नाही. १९७० नंतर ब्रॉयलर कोंबडीचा धंदा देशात पसरला. सहा-सात आठवड्यांत तयार होणारा तो पक्षी अर्ध्या तासात शिजतो, आणि जास्त शिजवला तर तंतू सुटतात. अंगणातली गावठी कोंबडी चरून-पळून वाढलेली, मांस घट्ट. तिला दीड तास मंद आच लागे. त्या वेळात हाडांच्या सांध्यांतला चिवट भाग विरघळून रश्शाला दाटपणा येई. मी शोधून गावठी आणली.

आईची रीत डोळ्यांपुढं होती, ती अशी. तुकड्यांना हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवायचं. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर बारीक चिरलेला कांदा लाल करायचा, त्यात तुकडे टाकून चांगले परतायचे. पाणी घालायचं नाही. वर खोलगट झाकणी ठेवून तिच्यात पाणी ओतायचं. झाकणी थंड राहते, आतली वाफ तिला लागून थेंबाथेंबानं परत खाली पडते, आणि कोंबडी अंगच्या पाण्यात शिजते. झाकणीतलं पाणी तापलं की तेच आत सोडायचं, गार पाणी घातलं तर मांस आखडतं. अर्धं शिजल्यावर वरचं अळणी पाणी वाटीभर काढून लहान मुलांना द्यायचं. निखाऱ्यावर भाजलेला कांदा आणि खोबरं यांचं वाटण आणि दोन चमचे मसाला थोड्या तेलात परतून आत घालायचा, कढत पाणी बेतानं वाढवायचं, आणि तेल वर येईपर्यंत चुलीचं लाकूड मागं ओढून ठेवायचं.

गॅसवर लाकूड मागं ओढता येत नाही. बर्नर बारीक केला. तास झाल्यावर झाकणी उचलली तेव्हा दगडफुलाचा वास आला, आणि मी पावसातल्या त्या अंगणात जाऊन पोचलो. चव मात्र आईची नव्हती. काहीतरी थोडं कमी होतं, किंवा थोडं जास्त. ते माप तिच्या हातात होतं, आणि लिहायला बसली होती त्या दुपारी मी तिला लिहू दिलं नाही.

भाचीला मी पानाची छायाप्रत पाठवली. सोबत पत्र लिहिलं : "लाल अक्षरं माझी आहेत, ती छापू नकोस. खालचे काटलेले शब्द छाप. 'अस्सल' हा शब्द काढून 'बेळगावची' एवढंच ठेव. मापं दुकानाची आहेत, तसं नमूद कर. आणि हे जेवण झालं की ज्या बाईनं ते शिजवलं तिला आधी पानावर बसव, आणि कोणता तुकडा हवा ते विचार."

वही पुन्हा फळीवर ठेवली आहे. ठेवण्याआधी माझ्या लाल रेघांखाली निळ्या शाईनं मी ते आठ शब्द परत लिहिले, आईनं लिहिले होते त्याच क्रमानं.